बुरशीखालचं लाकूड

मी जालन्यात कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात कुजक्या लाकडांवरच्या बुरश्या गोळा करते. घरचे याला खूळ म्हणतात. टेंभुर्णीजवळच्या आमच्या गावी, स्मशानातल्या लाकडांच्या शेडमागे पडलेल्या एका ओंडक्यावर मला कानाएवढी, खालून जांभळट बुरशी सापडली. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू पाहिले, होती नव्हती ती सगळी पुस्तकं पालथी घातली, कशाशीच जुळेना. म्हणजे नवी जात! इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आठवडाभर माझे पाय जमिनीवर नव्हते.

ज्या तज्ज्ञांना नमुना पाठवला, त्यांनी फोनवर एकच विचारलं, "लाकूड कोणत्या झाडाचं? ते कळल्याशिवाय शोधनिबंध पाठवू नका." साल तर कधीच गळून गेलेली. आतून ते इतकं कुजलेलं की तपासायला धड कापही निघेना. झालं, पुन्हा गाव गाठलं.

शेडवरचे राखणदार काका मला लहानपणापासून ओळखतात. मी ओंडका दाखवला तर ते उगाच इकडेतिकडे बघायला लागले.

"दुसरं घ्या की, बाई. लई पडलेत."

"मला ह्याचंच सांगा," मी चिडून म्हणाले.

"कडूलिंबाचं हाय. तुमच्याच वावरातलं." मग म्हणाले, "तुमच्या बाबांसाठी आणल्तं. ताजं तोडल्यालं, त्यात पाऊस. काही केल्या पेटंना. मंग हे बाजूला काढून वाळलेलं रचलं."

बाबा गेले त्याला चार वर्षं झाली. बायका स्मशानात जात नाहीत म्हणून मला दारातूनच मागे फिरवलं होतं, आणि तो सगळा राग मी धाकट्या भावावर काढला. त्यानंतर त्याच्याशी कामापुरतंच बोलत आले. त्या दिवशी परत आल्यावर तो आईला एवढंच म्हणाला होता, की सगळं बराबर झालं.

तिथूनच त्याला फोन लावला. ओंडक्याचं सांगितलं.

"पेटायला दोन घंटे लागले, ताई," तो म्हणाला. "बाबा रोज त्या झाडाखाली बसायचे म्हणून मीच तेच तोडायला लावल्तं. माझंच चुकलं. तू तिथं न्हाई आलीस, ते बरं झालं."

मला रडू कोसळलं.

"न्हाई रे," मी म्हणाले, "तुझ्याजवळ कुणीतरी पाहिजे होतं."