ताकदीची सुई

औरंगपुऱ्यातल्या आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत आरोग्याच्या बातम्या मी करत असे, म्हणून तक्रार घेऊन आलेल्या एका बाईला माझ्या टेबलाशी पाठवलं. वेरूळच्या पुढं मेंढपाळांच्या वस्तीवर ती राहायची.

"दर बाजाराला पांढरी जीप येती, ताई. गड्यांना शहरात नेऊन ताकदीची सुई देत्यात. मालकाला काय बी आजार नव्हता. आता पाय वहाणंत मावंनात."

मी वस्तीवर गेले. लोक मोकळेपणानं बोलले. कुणाला घेरी यायची, कुणाला लाल लघवी व्हायची. बाजाराच्या दिवशी जीपमागोमाग मी उस्मानपुऱ्यातल्या एका खाजगी दवाखान्यात पोचले. डॉक्टरांनी चहा मागवला.

"परदेशी कंपनीचं नवं औषध आहे. चाचणी इथं स्वस्तात होते. लोकांनी संमती दिलीय."

"चाचणी म्हणजे काय, ते सांगितलं त्यांना?"

ते हसले. "तुमची मुलगी सातवीत ना? रिक्षानंच जाते शाळेत?"

मुलीचा विषय मी काढलाच नव्हता. चहा तसाच ठेवून उठले. त्याच संध्याकाळी मुलीला जालन्याला आईकडं पोचवलं.

पुन्हा वस्तीवर गेले, तर मला बघून माणसं आत गेली. ती बाई तेवढी बाहेर आली. "जीपवाल्यांनी मालकाला त्यांच्या दवाखान्यात नेऊन ठिवलंय. भेटू देत नाय."

आम्ही दोघी तडक तिथं गेलो. या नावाचा पेशंटच नाही, असं वॉचमननं सांगितलं. ती फाटकात बसली, मीही तिच्या शेजारी टेकले. लोक जमू लागले तसं आतून स्ट्रेचर आलं. त्यावर तिचा नवरा होता. चेहरा इतका सुजला होता, की आधी तिलाही ओळखू येईना. सरकारी दवाखान्यात नेलं, पण दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. तो वाचला नाही.

आमच्या वर्तमानपत्राच्या मालकांनी बातमी "जरा थांबू" म्हणत अडवली. शेवटी मी ती एका परदेशी वर्तमानपत्राला दिली, तिथं ती छापून आली. कंपनीनं चौकशीचं आश्वासन दिलं. वस्तीवरची जीप बंद झाली आणि पैठणच्या बाजूला दिसू लागली. मग मीही तिकडं जाऊ लागले.

त्याआधी तो अंक घेऊन तिच्याकडं गेले, मराठीत वाचून दाखवला. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"यात मालकाचं नाव कुठं हाय?"

घरच्यांना त्रास नको म्हणून नाव बदललंय, असं मी सांगितलं. तिनं मान हलवली आणि मेंढ्यांकडं निघून गेली.