समुद्र खिडकीत, मी नळापाशी

संभाजीनगरकरांनो, हसू नका. कोकणात फिरायला आलोय. समुद्राला लागूनच जुनं लॉज आहे, खोली साधी, पण खिडकीतनं लाटा दिसतात.

आज सकाळी नळ सोडला तर कोरडा. मालकीणबाई म्हणाल्या, "येईल थोड्या वेळात."

झालं! आपल्याकडं आठवड्यानं नळाला पाणी येतं, त्या दिवशी घर सोडायचं नाही, हे अंगात मुरलेलं. नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही पोरीला घेऊन व्हा पुढं. मी पाणी भरून येते."

दोन तास मी खोलीत. खाली सहा वर्षांची पोरगी लाटांत उड्या मारत मला हात करत होती. पण माझा पाय काही निघंना.

शेवटी पाणी आलं. बादली, टब, बाटल्या, चहाचा थर्मास, सगळं भरलं. मालकीणबाई दारातनं बघतच राहिल्या. "अहो, पंप लावायचा राहिला होता. आमच्या विहिरीला बारा महिने पाणी असतं!"

लई लाज वाटली. तेवढ्यात पोरगी आली, खेळण्यातली बादली काठोकाठ भरून घेऊन.

ही सवय तुमच्यापैकी कुणाची सुटलीय का? कारण पोरगी म्हणाली, "आई, समुद्राचं पाणी आणलंय, भरून ठेव. उद्या नाय आलं तर?"