माणसाला गळ लावायचा नाही

मंगरूळपीरकडच्या आमच्या वार्ताहराने पाठवलेली ती बातमी पाच ओळींची होती आणि पानावर जागा चार ओळींची. विहिरीत पडून वृद्धाचा मृत्यू. बादली काढताना तोल गेला, ग्रामस्थांनी मृतदेह गळाच्या साहाय्याने बाहेर काढला, पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली. अकोल्याच्या आमच्या डेस्कवर अशा बातम्या जवळजवळ रोज येतात. सवयीने मी आधी ‘गळाच्या साहाय्याने’ हे शब्द काढले. मृतदेह बाहेर काढला, एवढे वाचकाला पुरते. वार्ताहर नवीन आहे, मृताचे नाव तो अजून शेवटच्या ओळीत लिहितो. त्या ओळीत होते : याकोब मास्तर, वय अठ्ठ्याहत्तर. मी काढलेले शब्द परत घातले. बातमी एका ओळीने वाढली, म्हणून शेजारची कापूस खरेदीची बातमी कापली.

ज्यांनी विहीर पाहिलेली नाही त्यांच्यासाठी : गळ म्हणजे लोखंडी आकड्यांचा झुपका. तो दोराला बांधून विहिरीत सोडतात आणि पडलेली बादली अडकवून वर ओढतात. आमच्या वाशीम जिल्ह्यात एखाद्या घरी तो असतो आणि सगळी आळी मागून नेते. बुडालेले माणूस वर काढायलाही बहुतेक ठिकाणी तोच वापरतात. आकडा कुठे रुतेल हे वरून दिसत नाही. याकोब मास्तरांनी आयुष्यभर एवढी एकच गोष्ट नाकारली. माणसाला गळ लावायचा नाही, हाताने काढायचे.

ते आमच्या भागात आले ते एका मिशनच्या वसतिगृहात मुलांना व्यायाम शिकवायला. वसतिगृह पुढे बंद पडले, मुले गेली, मास्तर आणि त्यांच्या पत्नी मार्थाबाई आवारातल्याच दोन खोल्यांत राहून गेले. त्यांना मूल नव्हते. आवारात एक मोठी बांधीव विहीर होती आणि उन्हाळ्यात आसपासची सगळी मुले तिथे पोहायला शिकायची. माझे वडील मेथी-सांबार, म्हणजे मेथी-कोथिंबीर, पिकवून बाजारात नेणारे. सलीमच्या वडिलांचे वेल्डिंगचे दुकान. आम्ही दोघे एकाच उन्हाळ्यात मास्तरांच्या हाती पडलो. हाती पडलो असेच म्हणावे लागेल. पाठीला तोंड झाळून बंद केलेला रिकामा डबा बांधून ते आम्हाला पाण्यात सोडत आणि आम्ही रमलो की मागून येऊन गाठ सोडून देत. डबा एकीकडे तरंगत जायचा, आम्ही खाली. नाकातोंडात पाणी जाऊन पायरीकडे झेप घेतली की वर मास्तर बांबू घेऊन उभे. “पायरीले हात लागला त बोटं ठेचीन.” ते नुसते बोलत नसत. सलीमच्या डाव्या हाताचे एक नख त्या उन्हाळ्यात गेले, ते पुढे वाकडेच आले. मी घरी रडत सांगितले, तर वडील म्हणाले, “मंग पायरी कायले धरली?” मास्तरांनी त्याचे कारण एकदाच सांगितले. “भेलेला माणूस पाण्यात दुसऱ्याले धरते, अन् दोघंही जाते. मले भेणारं पोट्टं नाही पायजे.” मी त्यांचा मनापासून द्वेष करत होतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विहिरीवर जात होतो.

त्यांचे दुसरे काम आम्हाला पुढे कळले. मी दहावीत असताना जवळच्या एका गावात नुकत्याच लग्न झालेल्या मुलीने विहिरीत उडी घेतली. आम्ही सायकलवर मास्तरांच्या मागे गेलो. गावातला एक माणूस गळ घेऊन कठड्यावर चढलेलाच होता.

“मास्तर, सरका. दोन झटक्यांत काढतो.”

“बालटी हाय काय ते?”

“मेलेल्या माणसाले काय दुखते, मास्तर?”

“तिले नाही दुखत. तिची माय उभी हाय ना तिकडं, तिले दुखन.”

त्यांनी गळ त्याच्या हातातून घेऊन मागे फेकला. चपला काढून एकमेकींना लावून ठेवल्या, कठड्याला टेकून डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत प्रार्थना केली. प्रार्थना लांबली तसे कोणीतरी मागून म्हणाले, “मास्तर, तुमच्या येशूले इचारा ना, कोणत्या कोपऱ्यात हाय ते.” लोक हसले. त्या मुलीची आई तिथेच होती, तरी हसले. मास्तरांनी डोळे उघडले. “इचारलं. तो म्हणते, पयले याले बाजूले करा.” मग कमरेला दोर बांधून ते पायांकडून पाण्यात उतरले. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नसतो. ते तळ पायाने चाचपत. रिकामे वर येत, दम घेत, परत जात. किती वेळा ते मी मोजले नाही. वरची माणसे कंटाळून बिड्या पेटवायला बाजूला गेली, एवढे आठवते. शेवटी ते तिला घेऊन वर आले तेव्हा तिची साडी अंगाभोवती नीट गुंडाळलेली होती, पदर कमरेत खोवलेला होता. बुडालेल्या बाईची साडी पाण्यात सुटते. ती सावरून घ्यायला लागणारा दम त्यांनी खाली, अंधारात, प्रत्येक वेळी खर्च केला. वर जमलेल्या गर्दीने तिला पाहण्याआधी ते काम उरकलेले असे.

त्या गावाने त्यांना चहा दिला तो कान तुटलेल्या कपात, अंगणाबाहेर. कप त्यांच्यासमोरच उकिरड्यावर फेकला. हे सगळीकडे असेच असायचे. मुडदे काढणारा म्हणून न्हावी काही दिवस त्यांची दाढी करत नसे. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारची जागा रिकामी राही. लोकांना ते हवे असत ते फक्त विहिरीच्या कठड्यावर. मी एकदा विचारले की एवढे होऊन तुम्ही जाता काहून? ते म्हणाले, “ज्यानं बनवलं, त्याले वापस करा लागते ना. मांगून आणलेली वस्तू आपून फाडून-तोडून वापस करतो काय?” त्यांचा विश्वास एवढाच होता. त्यावर प्रवचन दिलेले मी कधी ऐकले नाही.

सलीमला आणि मला त्यांनी हे काम शिकवले. पोत्यात चिखल आणि दगड भरायचे, त्याला मार्थाबाईंची जुनी साडी गुंडाळायची आणि विहिरीत टाकायचे. साडीचा पदर न सुटता पोते वर आले पाहिजे. सुटला की पुन्हा. मार्थाबाई ओट्यावर तांदूळ निवडत म्हणायच्या, “माह्या साड्या बुडवून राह्यले, अन् नवी घेऊन देयाचं नाव नाही. हे कोणतं शास्त्र हाय?” सलीमला ते लवकर जमले. मला एकदाच जमले, तेही मास्तरांनी सैल गाठ मारली होती म्हणून. पुढे मी वर्तमानपत्रात लागलो. सांगायला गेलो तेव्हा त्यांनी विचारले, काय काम करा लागते? मी सांगितले, लोकांच्या बातम्या लिहितो, कापतो, छापतो. “म्हणजे पाण्यात उतरा लागत नाही,” ते म्हणाले. “बरं हाय मग.”

त्यांची चिकाटी मी एकदा बातमीदार म्हणून पाहिली. रिठदकडच्या एका तलावात एक शाळकरी मुलगा बुडाला. साठी ओलांडलेले मास्तर आणि सलीम तिथे गेले. पहिल्या दिवशी काठावर जत्रेसारखी गर्दी होती, दुसऱ्या दिवशी निम्मी झाली, तिसऱ्या दिवशी सरकारी माणसेही परत गेली. काठावर फक्त मुलाचे वडील बसून होते. गाळ आणि वेलींमध्ये मास्तर एकेक पाऊल सरकत तळ चाचपत राहिले. त्यांच्या पायांची कातडी पांढरी होऊन सोलली होती. मुलगा सापडला तेव्हा त्यांनी खालीच त्याच्या चेहऱ्यावरचा गाळ हाताने धुतला होता आणि शर्टाची बटणे लावली होती. त्यांनी त्याला काठावर ठेवले. वडील उठले, जवळ आले आणि त्यांनी मास्तरांच्या तोंडात मारली. मग परत मारली. मुलगा वर येईपर्यंत तो कुठेतरी जिवंत असेल, असे त्या माणसाने तीन दिवस धरून ठेवले होते. सलीम मध्ये पडायला गेला तर मास्तरांनी त्याला हाताने मागे सारले. “मारू दे. त्याले दुसरं कोण हाय मारायले?” ओठ फुटून रक्त येत होते. ही बातमी मी लिहिली तेव्हा मारल्याचा मजकूर त्यात नव्हता. मास्तरांनीच सांगितले होते, नको म्हणून.

त्यानंतरचे सगळे उताराचे आहे. मार्थाबाई गेल्या. मग मास्तरांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. बोलणे राहिले, तेही ओढत. सलीम सकाळ-संध्याकाळ डबा द्यायचा, अंघोळ घालायचा. माणसांसाठी फोन आला की आता तो एकटा जायचा. मास्तरांकडे राहिला तो गळ. तो त्यांच्याच घरी होता, भिंतीवर, पहिल्यापासून. बादल्यांसाठी त्याला त्यांची हरकत नव्हती. आळीतल्या बाया बादली पडली की हाक मारत आणि मास्तर पाय ओढत विहिरीवर जाऊन कठड्यावर बसत, डाव्या हाताने गळ सोडत. मी शेवटचा भेटलो तेव्हा ते तेच करत होते. मी गळ मागितला तर दिला नाही. “राहू दे. तुह्याच्यानं बालटी बी निघायची नाही.” थोड्या वेळाने म्हणाले, “बालट्याच राह्यल्या आता माह्याजवळ, गजा…” बादली वर आली. त्यांनी ती बाईला दिली आणि गळाचा एकेक आकडा धोतराने पुसला.

असेच एक दिवस बादली काढताना ते पडले. शेजारणीने पाहिले, ओरडली. माणसे जमली. मास्तर एकदा वर आले म्हणतात, डावा हात पायरीच्या दगडावर होता, मग निसटला. उतरायला कोणी धजले नाही. पोहता येणारी माणसे त्या गर्दीत होती. त्यातली काही मास्तरांनीच शिकवलेली होती. सलीम त्या दिवशी जऊळक्याला एका दुकानाचे शटर बसवत होता. त्याला फोन गेला तोवर मास्तर संपले होते. त्याने फोनवर एकच सांगितले, “मी निघून राह्यलो. गळ लावू नका. कोणीच हात लावू नका, मी येतो.” लोक हो म्हणाले. तो मोटारसायकलवर निघाला.

काही वेळ गावाने त्याची वाट पाहिली. मग दिवस कलू लागला, पंचनामा उजेडात व्हायला हवा होता, शवविच्छेदन राहून गेले असते, लोकांना घरी जायचे होते. गळ लावा, असे पहिल्यांदा कोण म्हणाले, हे मी नंतर प्रत्येकाला विचारले. प्रत्येकाने दुसऱ्याचे नाव सांगितले. गळ शोधावा लागला नाही. तो दोरासकट कठड्याला बांधलेलाच होता. पहिल्या खेपेला बादली वर आली. दुसऱ्या खेपेला मास्तर आले. एक आकडा खांद्यात होता, एक जबड्याखाली.

सलीम पोचला तेव्हा ते बाजेवर होते, वर चादर टाकलेली. त्याने चादर उचलून पाहिले आणि परत टाकली. एक जण त्याला म्हणाला, “लय वाट पायली रे तुही.”

दुसऱ्या दिवशी मी दफनाला गेलो. पेटी प्रार्थनेला आणतात तेव्हा झाकण उघडे असते आणि लोक एकेक करून चेहरा पाहतात. मास्तरांच्या पेटीचे झाकण घरीच ठोकून आणले होते. माणसे फार नव्हती. मागे उभा असलेला एक म्हातारा पुढे आला. मी त्याला ओळखले नाही, सलीमने ओळखले. तो तलावात बुडालेल्या मुलाचा बाप होता.

“तोंड दावत नाही काय?” त्याने विचारले.

“नाही दावत, काका.”

“काहून?”

त्या माणसाने थोडा वेळ झाकणाकडे पाहिले, पेटी उतरल्यावर मूठभर माती टाकली आणि तो बस गाठायला निघून गेला.

त्यानंतर काही आठवड्यांनी मी पुन्हा गेलो. खोल्यांची किल्ली सलीमकडे आहे. आत मास्तरांची खाट, कोनाड्यात बायबल, कोपऱ्यात डबे, आणि भिंतीवर खिळ्याला तो गळ. मला तो तिथे दिसेल असे वाटले नव्हते. मी सलीमला म्हणालो, तुझ्या दुकानात कटर आहे, याचे तुकडे काहून नाही केले?

“मंग आळीच्या बालट्या कोण काढन?”

माणसांसाठी अजून बोलावतात का, म्हणून मी विचारले.

“बलावते. मागच्याच हप्त्यात गेलतो.” तो वाकड्या नखाने दाराच्या चौकटीवरचा रंग खरवडत होता. “नाही गेलो त हाच घेऊन जातीन ना लोक…”

आम्ही बाहेर ओट्यावर बसलो होतो, तेवढ्यात आळीतली एक बाई आली. फाटकापाशीच थांबली. “सलीमभाऊ, गळ देता काय?”

सलीम आत जाऊन गळ घेऊन आला. त्याने एकेक आकडा उजेडात धरून पाहिला. एका आकड्याच्या बुडाशी निळ्या सुताचा धागा अडकलेला होता. मास्तरांचा शेवटचा सदरा निळा होता. सलीमने तो धागा काढून आपल्या खिशात ठेवला. बाईने हात पुढे केला होता. सलीमने गळ लगेच दिला नाही.

“बालटीच पडली ना, वहिनी?”

“हव, बालटीच.”

मग त्याने दिला.