मयूरीला दम नाही म्हणे!

रविवारी सकाळी मी खांदा कॉलनीच्या ग्राउंडवर लॅपटॉप घेऊन गेले आणि कोच सरांशी भांडून आले. दोन दिवस झाले तरी डोकं शांत होत नाहीये... म्हणून इथे लिहितेय.

माझी धाकटी बहीण मयूरी मुलींच्या फुटबॉल टीममध्ये लेफ्ट विंगला, म्हणजे डावीकडे पुढे खेळते. गेल्या काही मॅचेस आम्ही हरलो आणि बहुतेक गोल डावीकडूनच झाले. मग सरांनी पालकांच्या ग्रुपवर जाहीर केलं, मयूरीला जिल्ह्याच्या ट्रायलला पाठवणार नाही. तिला दम नाही, हाफटाइमनंतर ती नुसती उभी राहते. खाली कुणीतरी लिहिलं, "पोरीला घरी खायला घाला जरा." आणि त्यावर हसणारे चेहरे!

त्या ग्रुपवर आईच्या जागी मी आहे. आमच्या घरात लिहा-वाचायला शिकलेली मी पहिली, त्यामुळे बाहेरचं प्रत्येक अक्षर माझ्यामार्फतच घरात येतं. "काय लिवलंय गो?" आईने भाकरी थापता थापता विचारलं. ट्रायलचं मी सांगितलं. खायला घालण्याचं मात्र तोंडातून बाहेर पडेना... ती समोर भाकरीच करत होती हो.

दम नाही? आमच्या विचुंबे गावातून ग्राउंडपर्यंत ही मुलगी रोज पळत जाते.

पण माझा स्वभाव असा, की राग आला तरी आधी स्वतःवरच संशय येतो. बहीण आहे म्हणून तर मला तसं वाटत नाही ना? प्रत्येक मॅच मी बाउंड्रीवर बसून पाहिलीय, सर ओरडून काय सांगतात तेही ऐकलंय. म्हटलं, हे सगळं जसंच्या तसं मांडून बघू.

माझ्याकडे फुटबॉल मॅनेजमेंटची एक गेम आहे. त्यात आपण खेळत नाही, टीम लावतो... बॉल आपल्याकडे असताना कोण कुठे, नसताना कोण कुठे. मग मॅच आपोआप चालते आणि ठिपके पळताना दिसतात. मी आमच्या अकराही मुली त्यात घातल्या. सगळ्यांना प्रामाणिकपणे मार्क दिले, मयूरीला थोडे कमीच.

आता सरांची सिस्टिम ऐका. बॉल आपल्याकडे आला की लेफ्ट बॅक, म्हणजे मयूरीच्या मागे खेळणाऱ्या शबानाने बाजू सोडून मधे यायचं. परदेशातल्या टीम असं खेळतात, टीव्हीवर मीही पाहिलंय. पण तिथे लेफ्ट बॅक मधे आली की मागचे बाकीचे डावीकडे सरकतात आणि तिची जागा झाकतात. आमच्या सरांनी मागच्या मुलींना बजावलंय, गोलसमोरून हलायचं नाही. म्हणजे कॉपी केली, तीही अर्धीच! आणि उरलेली अख्खी डावी बाजू, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकट्या मयूरीने सांभाळायची.

गेममध्ये हाफटाइमनंतर थोड्याच वेळात मयूरीचा ठिपका लाल झाला. दमली. मग मी तिला काढून त्या गेममधली सगळ्यात दमदार खेळाडू तिच्या जागी घातली... तीही लाल! गोलही तिथूनच. पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं. तेच.

रविवारी प्रॅक्टिसआधी हे सगळं सरांना दाखवलं. त्यांनी अर्धं मिनिट बघितलं आणि विचारलं, "कुणी करून दिलं हे? भाऊ आहे का तुला?"

"मी केलंय, सर."

"अगं बाई, कॉम्प्युटरवरचे ठिपके पळतात, त्यांना घाम येतो का?" आजूबाजूचे पालक हसले. मी म्हटलं, "सर, शबाना मधे जाते तेव्हा मागे कोण असतं, एवढंच सांगा." तर सर सरळ म्हणाले, "मी कुठे सांगितलं तिला मधे जायला? ती आपल्या मनाने जाते. तिला पण समज देतो आज."

मयूरीला सोडवायला गेले आणि शबानाला अडकवून बसले! बिचारी तिथेच बुटाच्या लेस बांधत बसली होती. तिचं नाव ट्रायलच्या यादीत होतं.

ती उठून उभी राहिली. "सर, झूठ नको ना. तुम्हीच बोललात, आत ये म्हणून. मी विचारलं पण होतं, मग साइडला कोण? तुम्ही बोललात, मयूरी आहे ना."

मागे खेळणाऱ्या दोघी हळूच म्हणाल्या, "हो सर, बोलला होतात." सरांनी शिट्टी हातात फिरवली, "चला, टाइमपास बस" म्हणाले आणि खेळ सुरू केला. मात्र शबाना मधे गेली की ते मागच्या मुलीवर ओरडत होते, "लेफ्टला सरक, लेफ्टला!" जणू पहिल्यापासून हेच सांगत आलेत. मयूरी शेवटपर्यंत पळाली.

संध्याकाळी ग्रुपवर एक ओळ आली, "मयूरीपण ट्रायलला येईल." बस. सॉरी नाही, काही नाही. हसणारेही सगळे गप्प.

मयूरी खूश आहे, आई खूश आहे. मला मात्र अजून चीड येतेय... एका मुलीला "दम नाही" म्हणायला एक मेसेज पुरतो आणि तो खोडायला दुसऱ्या मुलीने स्वतःचं नाव पणाला लावायचं?

रविवारी ग्राउंडवरून निघताना मी शबानाला म्हटलं होतं, "अगं, तुझं नाव कापलं असतं तर?" ती हसली. "कापतील अजून, ताई. ट्रायल कुठे झालीय?"

शबाना, तू हे वाचशील, मयूरी तुला दाखवेलच. थँक यू गं. आणि तुझ्या नावाला हात लागला, तर मी परत ग्राउंडवर येईन. या वेळी लॅपटॉप न घेता.