नात पुन्हा शिकायला का गेली

बायांनो, आज नवापूरच्या किनाऱ्यावर माझ्या नर्स नातीने बुडालेला माणूस वाचवला! आनंदाने घाईघाईत लिहितेय, चुका पोटात घाला.

लोक त्याला पिंपावर पालथा घालून पाणी काढायला निघाले. नात ओरडली, "उताणा ठेवा!" मग तोंडाने श्वास देत छाती दाबत राहिली, तो खोकेपर्यंत.

मागच्या आठवड्यात ती हेच पुन्हा शिकायला बोयसरला गेली, तवा मी टोमणा मारलेला, "एकदा पास झालीस ना गं?"

"हात विसरतात आजी, म्हणून जाते."

आमचे हे बुडाले, तवा मीच त्यांना पिंपावर घालायला लावलं. बाजूला दुसरी एक नर्स होती. तीपण शिकलेली, पण कितीतरी वर्षांपूर्वी. हात कुठे ठेवायचे, तिला आठवेना, आणि हे गेले.

सांगा, राग त्या नर्सवर काढू की माझ्यावर?