जवसाच्या दोन बाटल्या

त्याला खुर्चीत टेकलेलं कुणी पाहिलंच नव्हतं, म्हणून ओळखीपाळखीचे सगळे त्याला भिंगरी म्हणत. धंदा मात्र असा, की थांबण्यावाचून गत्यंतर नाही. जुन्या लाकडाला जवसाच्या तेलाचा हात मारायचा, पुसायचा आणि वाळायची वाट बघायची. तेवढ्या वेळात हा पठ्ठ्या चार बिजागऱ्या कसून यायचा.

त्याच्या बायकोच्या रक्तात चरबी वाढली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जोडीला जवस खाल्लं तर चांगलंच, असं सांगितलं. तिचं पोटही साफ होत नसे. तेव्हापासून सकाळी ती जवसाची पूड भरपूर पाण्याबरोबर घ्यायची. अख्खं बी तसंच पोटातून निघून जातं, म्हणून दळूनच. दुपारी जेवणाआधी दह्यात चमचाभर कच्चं तेल. हे तेल उजेडाने आणि उष्णतेने बिघडतं, म्हणून ते तपकिरी बाटलीत, फ्रीजमध्ये असे. तशीच एक रिकामी बाटली भिंगरीने धुऊन कामाच्या तेलाला घेतली होती. तेही जवसाचंच, पण लवकर वाळावं म्हणून त्यात रसायनं घातलेली. पोटात जायची गोष्टच नव्हे.

त्या दिवशी तो वाचनालयाचं दार करत होता. तेल लावून बराच वेळ झाला, तरी बोटाला नेहमीचा चिकटपणा लागेना. त्याने थोडं तळहातावर घेतलं. फिकट, पातळ. वास भाजल्या दाण्यासारखा. हे तर बायकोचं खायचं तेल. सकाळी फ्रीज पुसायला बायकोने बाहेर काढलेली बाटली त्याने घाईत ओट्यावरून पिशवीत टाकली होती. म्हणजे त्याची बाटली घरी, ओट्यावर.

त्याने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. जिना उतरू लागला आणि अर्ध्यावर त्याला तेलाची फडकी आठवली. चोळामोळा करून टाकलेलं जवसाचं फडकं आपोआप तापतं, पेटही घेतं. इथे सगळी पुस्तकं! एक पाय घराकडे, एक पाय दाराकडे. शेवटी दात-ओठ खात तो वर गेला, फडकी खाली आणून अंगणातल्या लोखंडी कठड्यावर एकेक पसरली आणि मग धूम ठोकली.

बसमध्ये जागा रिकाम्या होत्या, पण तो दाराशीच उभा राहिला. वासावरून तिला कळेल, असं तो मनाला समजावत होता. पण मागे एकदा तिने तेलाला रंगासारखा वास येतोय अशी तक्रार केली, तेव्हा हाच म्हणाला होता, की जवस आहे ते, थोडा वास यायचाच. खवट झालं होतं ते तेल, आणि आपण हसण्यावारी नेलं. आता तेच वाक्य त्याला खात सुटलं.

घरी ओट्यावर दह्याची वाटी होती, त्यात चमचा. बाटलीचं झाकण उघडं. न्हाणीघरातून चूळ भरल्याचा आवाज येत होता.

"गिळलंस का?" त्याने दारातूनच विचारलं.

ती तोंड पुसत बाहेर आली. "जिभेवर ठेवलं आणि थुंकलं. कधीची चुळा भरतेय. तुमचं दार माझ्या पोटात घालायला निघाला होतात."

तो मटकन जमिनीवरच बसला. बायकोला हसू आवरेना, पण डोळे भरले होते तिचे.

बाटली घेऊन दोघं दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी बाटलीवर नावाची चिठ्ठी नाही म्हणून त्याला चांगलंच फैलावर घेतलं. तिला तपासून, पोटात काही गेलेलं नाही, काळजी नको, पण उलटी किंवा पोटदुखी झाली तर लगेच या, असं सांगितलं. बाहेरच्या बाकावर तो क्षणभर बसला, उठला, पुन्हा बसला.

संध्याकाळी त्याने कामाचं सगळं तेल पत्र्याच्या डब्यात ओतलं, डब्यावर लाल रंगाने 'विष' लिहिलं आणि तो घराबाहेरच्या कपाटात कुलूपबंद केला. मग कुलूप ओढून पाहायला तो तीनदा बाहेर गेला. चौथ्यांदा निघाला, तशी बायकोने हात धरला आणि त्याच्यापुढे पाण्याचा पेला आणि चमचाभर पूड ठेवली.

"तुम्हीही घेत जा. पोट साफ राहील, निदान तेवढं तरी शांत होईल."

त्याने चमचा हातात घेतला, वास घेतला, उजेडात धरून पाहिला.

"बियाच आहेत ना नक्की?"

"दळताना पाहत होतात की," ती म्हणाली. "घ्या आता."

त्याने घेतली. उभ्यानेच.