क्लॅरिनेटला चालणारं मिश्रण

धुळ्यातल्या एका लग्नाच्या बॅन्डमध्ये मी सव्वीस वर्षं क्लॅरिनेट वाजवतोय. त्यातली पहिली अठरा वर्षं सिगारेटवर काढली. दिवसाला पंधरा-सोळा. त्या काळात माझ्या वाजवण्याबद्दल कुणी शब्द काढलेला मला आठवत नाही, आणि काढला असता तर मी ऐकूनही घेतला नसता. चांगलंच वाजवायचो मी.

मग पिंपळनेरच्या एका लग्नात, नवरदेव घोड्यावर, वऱ्हाड नाचतंय, आणि लांब सूर धरायच्या जागी माझा दम संपला. सूर मध्येच तुटला. शेजारच्या ट्रम्पेटवाल्यानं तो उचलून घेतला म्हणून निभावलं. मिरवणूक मांडवात पोचल्यावर आमचे बॅन्डमास्तर, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, माझ्याजवळ आले.

"काय व्हयनं रे? तुना दम कमी व्हई गया."

"नाना, धूळ गेली घशात."

"धूळ नई शे ती," एवढंच म्हणून ते चहाला गेले.

सिगारेट सोडायचा प्रयत्न आधी दोनदा केला होता. दोन्ही वेळा आठवडाभरात बायकोशी इतकी भांडणं झाली की तिनंच म्हटलं, "ओढा बाबा एक." त्यानंतर सुरतेला वाजवायला गेलो. तिकडे आपले खान्देशी लोक भरपूर, सीझनमध्ये आमच्या चार-पाच फेऱ्या ठरलेल्या असायच्या. तिथं एका दुकानात ई-सिगारेट मिळायची. तेव्हा अजून बंदी आली नव्हती. मी एक बारीक पेन आणि आंब्याच्या वासाची बाटली घेऊन आलो.

पहिल्याच दिवशी तोंडात जळकी चव आली. मी कापूस पिकवणाऱ्या घरातला माणूस. जळक्या कापसाचा वास मला लगेच ओळखता येतो. पेन उघडून पाहिलं तर आतल्या कॉइलभोवतीचा, म्हणजे तापणाऱ्या तारेभोवतीचा, कापूस काळा पडला होता. पुढच्या फेरीला दुकानदारानं पातळ द्रवाची, पुदिन्याची बाटली दिली. तिनं कापूस जळला नाही, पण माझं तोंड वाळवंट झालं. क्लॅरिनेटला वेताची पातळ पट्टी असते, रीड. ती ओठांवर धरायची, आणि ओठ ओले हवेत. जळगावात एका हळदीला भर अंगणात माझ्या वाद्यातून अशी किंकाळी निघाली की नवरीच्या हातातली सुपारी खाली पडली.

त्याच दिवशी दुपारी मी जळगावातल्याच मेहरूणला मेहुणीकडे गेलो. बायकोची थोरली बहीण, फार्मसी कॉलेजात शिकवते. आम्ही तिला अक्का म्हणतो. मी दोन्ही बाटल्या तिच्यासमोर ठेवल्या.

"अक्का, यातली बरी कुठली?"

"बरी एकही नाही, पाव्हणे," ती म्हणाली. "सिगारेटपेक्षा कमी वाईट कुठली, असं विचारा."

तिनं काचेच्या ताटलीवर दोन्हींचा एकेक थेंब टाकला आणि ताटली तिरपी केली. एक थेंब पाण्यासारखा पळाला, दुसरा मधासारखा सरकत राहिला.

"पळाला त्यात प्रोपिलीन ग्लायकॉल जास्त. ते घशातलं पाणी ओढून घेतं. सरकतोय त्यात ग्लिसरीन जास्त. ते घशाला मऊ लागतं, पण जाड असतं. तुमच्या बारीक पेनातल्या कापसाला ते भराभर शोषता येत नाही, म्हणून कापूस कोरडा पडून जळतो."

"म्हणजे चूक पेनाची?"

"जोडीची चूक. आणि हा पुदिना फेकून द्या. त्यानं घसा बधिर होतो. दुखतंय ते तुम्हाला कळतच नाही. वास खाण्यात चालतो म्हणून फुप्फुसात चालेल असं नाही. आणि निकोटिनची बाटली उघडी ठेवलीत तर याद राखा, घरात लेकरं आहेत."

मला एवढं पुरेसं होतं. ज्याला रीड निवडता येते, त्याला हेही निवडता येईल, असं मी मनाशी म्हटलं. रीड जाड की पातळ, हे दुकानदार सांगत नाही, आपला ओठ सांगतो. मी सुरतेहून मोठ्या भोकांच्या कॉइलचं पेन आणलं. द्रव घेतला तो सत्तर भाग ग्लिसरीन, तीस भाग ग्लायकॉलचा. वास काहीच नाही. दुकानदार म्हणाला, "भाईसाब, बिना फ्लेवर कोई नहीं लेता." मी म्हटलं, "मैं लेता हूँ."

परीक्षा माझी मीच ठरवली. सकाळी आंघोळ झाली की एक खालचा सूर धरायचा आणि भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघायचा. बायको पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "आज कालच्यापेक्षा लांब गेला." निकोटिनचं प्रमाण मिलिलिटरला बारा मिलिग्रॅमपासून सुरू केलं, मग सहा, मग तीन. दर वेळी खाली उतरलो की चार दिवस चिडचिड व्हायची. पण या खेपेला ती सिगारेट ओढा म्हणाली नाही आणि मीही मागितली नाही.

मला इतका विश्वास आला की मी नानांनाही माझंच मिश्रण दिलं. ते बिडीवाले, सत्तरीला टेकलेले. दोन झुरके घेतले आणि असे खोकले की मी पाणी आणायला पळालो. पेन माझ्या हातात परत देत ते म्हणाले, "हाई तुनं पानी तुलेच ऱ्हाऊ दे." तेव्हा मला लाज वाटली. माझ्या घशाला बसलेलं माप मी सगळ्या जगाचं समजून बसलो होतो.

मग सरकारनं बंदी आणली. सुरतेचं दुकान बंद झालं. कुरिअरनं गुपचूप मागवून देतो असं सांगणारा एक जण भेटला. मी त्याला नको म्हटलं. तीनच्या प्रमाणाची अर्धी बाटली उरली होती, ती संपली आणि मी पेन अक्काच्या हवाली केलं. ती म्हणाली, "वर्गात दाखवीन." पुढे एकदा शिरपूरच्या लग्नात एक सिगारेट पेटवली. अर्धीच ओढली आणि मळमळलं. तीच शेवटची.

गेल्या सीझनला आमचा ट्रम्पेटवाला मला म्हणाला, "भाऊ, ते पेन कुठं मिळेल? माझाही दम तुटायला लागलाय."

"ते आता मिळत नाही, आणि मिळालं तरी घेऊ नको," मी म्हटलं. "सरकारी दवाखान्यात तंबाखू सोडवतात. चल, मी येतो."

दवाखान्यात बाकावर तासभर बसलो. आत डॉक्टरबाई म्हणाल्या, निकोटिनचं च्युइंगगम दोन ताकदींत येतं, दोन मिलिग्रॅम आणि चार मिलिग्रॅम. ट्रम्पेटवाल्यानं माझ्याकडं बघितलं.

"चारचं द्या मॅडम," मी म्हटलं. "याला उठल्या उठल्या, तोंड धुवायच्या आधी पहिली लागते."

"तुम्ही डॉक्टर आहात का?" त्यांनी विचारलं.

"नाही, क्लॅरिनेट वाजवतो."

दिवसाची पहिली सिगारेट कधी लागते, हे त्यांनी ट्रम्पेटवाल्याला स्वतः विचारून खात्री करून घेतली, आणि कागदावर चार लिहिलं.